पायावर पाय

‘एम्पथी’ला मराठीत काय म्हणायचं यात श्यामलाचा अख्खा रविवार गेला.

फिजिओथेरपी कॉलेजच्या दारात इंग्रजी बोर्ड होता, पितळी अक्षरांचा, रोज पुसलेला. कॉलेजची ध्येयं काय, मूल्यं काय, इथून शिकून बाहेर पडणारी मुलगी कशी असली पाहिजे, सगळं त्याच्यावर. पुढच्या मंगळवारी कमिटी येणार होती तपासायला, आणि कमिटीतल्या मोठ्या साहेबांना म्हणे मराठीचं फार. मग मराठी बोर्ड हवा. मराठी तर तिथं सगळ्यांनाच येत होतं, पण मंदाकिनीबाईंनी बोट दाखवलं ते श्यामलाकडं.

‘‘तू नारायण पेठेतली. तुझं मराठी शुद्ध. मागच्या वर्षी पेशंटचा कागद काय सुंदर केला होतास!’’

मंदाकिनीबाई म्हणजे विभागप्रमुख. त्यांची सही झाली की इंटर्नशिप संपते, नाही झाली की नाही संपत. श्यामलाची संपायला सव्वीस दिवस होते. ती कशाला नाही म्हणतेय?

घरी वडिलांना विचारलं. वडील, माधवराव, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘‘सहानुभूती लिही. पुण्यात तेवढी मिळाली तरी पुष्कळ झालं.’’

तिनं ‘सहवेदना’ लिहिलं. सगळ्यात खाली बाईंचं लाडकं वाक्य होतं, पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला त्या फळ्यावर लिहायच्या ते. ‘आधी कान, मग हात.’ पेशंटला हात लावायच्या आधी त्याचं ऐका. हे मात्र मुळातच मराठी होतं, त्याला काही करावं लागलं नाही.

सोमवारी सकाळी ती कागद घेऊन बाईंकडं निघाली होती, तेवढ्यात हॉस्पिटलच्या फाटकात टेम्पो शिरला. मागं भाजीच्या रिकाम्या क्रेट सरकवून गादी टाकलेली, आणि गादीवर तुळजाबाई.

श्यामलानं लांबूनच पाय बघितला. उजवा पाय डाव्यापेक्षा चार बोटं आखूड, गुडघा आत वळलेला. पुस्तकात असतो तसा. चार वर्षं शिकलेल्या कुठल्याही मुलीला कळलं असतं, एक्सरेची गरज नाही. खुबा निखळलाय.

‘‘म्याडम,’’ टेम्पोतून उडी मारून बजरंग आला. तुळजाबाईचा मुलगा. कात्रजच्या पलीकडं त्यांचं गाव, त्याच वर्षी महापालिकेत घेतलेलं. घरपट्टी आली होती, पाणी यायचं होतं. ‘‘म्याडम, बघा हो. कट्‌कन आवाज झाला नुसता.’’

‘‘कशानं? पडल्या का?’’

‘‘पडायला काय धाड भरलीय! पोरीची सुपारी व्हती काल. पाव्हणं आलेलं. म्हातारी म्हनली, नातीची वटी मीच भरनार. बसली पाटावर मांडी घालून, आन् वटी भराया वाकली म्होरं…’’

‘‘मांडी घालून?’’ श्यामला ओरडलीच. ‘‘आजी, मांडी घालून बसलात?’’

गादीवरून तुळजाबाईनं तिच्याकडं बघितलं. दुखण्यानं तोंड पांढरं पडलं होतं, पण नजर सरळ.

‘‘व्हय,’’ ती म्हणाली. ‘‘पर पायावर पाय न्हाई टाकला गं पोरी.’’

श्यामलानं ते शब्द लगेच ओळखले. तिचेच होते.

तर गोष्ट अशी होती. सहा-सात आठवड्यांपूर्वी तुळजाबाई गोठ्यात घसरली, उजवा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, मोडका गोळा काढून धातूचा बसवला. असा नवा गोळा बसवला की सुरुवातीचे काही महिने जपावं लागतं. ठेंगणं बसायचं नाही, फार वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, नाहीतर गोळा वाटीतून बाहेर येतो. हे सांगायचं काम फिजिओथेरपीवाल्यांचं. गावातली माणसं त्यांना व्यायामवाल्या बाया म्हणतात.

सांगायला कागद होता. श्यामलानंच केलेला. बाहेरच्या देशातल्या पुस्तकात एक पान होतं, त्याचं तिनं ओळीला ओळ मराठी केलं. त्या देशात कुणी जमिनीवर बसतच नाही, त्यामुळं पुस्तकात मांडी नव्हती. पुस्तकात होतं, पाय क्रॉस करू नका. श्यामलानं लिहिलं, ‘पायावर पाय टाकून बसू नये.’ शुद्ध. एक काना मात्रा चुकलेली नाही. बाईंनी वर्गात वाचून दाखवला होता.

डिस्चार्जच्या दिवशी तिनं तो तुळजाबाईला वाचून दाखवला. चौथ्या नंबरला तुळजाबाई खुदकन हसली.

‘‘काय झालं आजी?’’

‘‘मी कशापायी पायावर पाय टाकून बसू गं? मी काय मामलेदार हाय? सासरा जित्ता व्हता तवर खुर्चीला पाठ लावली न्हाई मी.’’

वॉर्डातल्या बायका हसल्या. श्यामलाही हसली. तिला ती म्हातारी आवडली होती. कागद घडी करून तिनं बजरंगच्या हातात दिला आणि पुढच्या कॉटकडं गेली.

तेव्हाच कळायला पाहिजे होतं. म्हातारी हसली म्हणजे तिला काहीतरी वेगळंच ऐकू गेलं होतं. साहेबासारखं, एका गुडघ्यावर दुसरा गुडघा चढवून, माज करत बसायचं नाही, असं. आधी कान म्हणे. कान घरी ठेवून आली होती श्यामला त्या दिवशी.

आणि तुळजाबाईनं तर कागद अक्षर न अक्षर पाळलेला. नात रोज सकाळी वाचून दाखवायची. पस्तीस रात्री दोन पायांमध्ये उशी घेऊन म्हातारी उताणी झोपली, कूस बदलली नाही. कागदात उंच कमोड होता, त्यांच्याकडं कमोडच नव्हता, तर बजरंगनं लोखंडी खुर्चीला वेल्डरकडून भोक पाडून आणलं. असला पेशंट अख्ख्या पुण्यात शोधून सापडायचा नाही.

संध्याकाळी भूल देऊन गोळा आत बसवला. मंगळवारी सकाळी चादर बदलताना परत बाहेर आला. मोठे सर्जन राउंडला आले, एक्सरे उजेडाकडं धरला आणि म्हणाले, ‘‘आता उघडून नीट करावं लागेल. पण ही बाई मांडी घालून बसली होती म्हणे? सांगितलं नव्हतं का हिला?’’

मंदाकिनीबाई म्हणाल्या, ‘‘सगळ्यांना सांगतो सर. श्यामला, सांगितलं होतंस ना?’’

‘‘हो मॅडम. कागद दिला होता.’’

‘‘मग केसपेपरवर तसं लिही.’’

श्यामलानं पेन काढलं. ‘सूचना देऊनही रुग्णाने पाळल्या नाहीत.’ खाली सही, तारीख. ‘पाळल्या’मधला ळ लिहिता लिहिता तिला नक्की माहीत होतं की हे खोटं आहे. तरी ‘नाहीत’ लिहिलं. वाक्य अर्धं कसं सोडायचं, नाही का!

सर्जननी ते वाचलं, केसपेपर मिटला. ‘‘सत्तरीची बाई, ऐकत नाही, परत तेच करणार. मी पुन्हा टेबलावर घेणार नाही. पायाला वजन लावा. थोडे दिवस ठेवा, मग घरी न्या.’’

म्हणजे पाय तसाच राहणार. आखूड, आत वळलेला, कायमचा. एका ओळीनं. आणि ओळ कुणाची, तर श्यामलाची.

त्या दिवसापासून बजरंग आईशी धड बोलेना. डबा आणायचा, कॉटवर आदळायचा.

‘‘कुनी सांगितलं व्हतं वटी भराया? सून मेली व्हती का? पाव्हणं न जेवता उठून गेलं! म्हनत्यात, सुपारीतच अपशकुन.’’

‘‘आरं, मी पायावर पाय…’’

‘‘गप ए! डाक्टरच्या कागदावर लिवलंय तू ऐकलं न्हाईस म्हनून. शिकलेली मानसं खोटं लिवत्यात व्हय?’’

शेजारच्या कॉटवरची सरुबाई फिस्सकन हसली. ‘‘म्हाताऱ्या मानसाला खोटं पचतं बाई.’’

तुळजाबाई छताकडं बघत पडली. पायाला वजन लटकत होतं, तिला कुशीवर वळतासुद्धा येत नव्हतं. श्यामला छातीचा व्यायाम द्यायला आली तर म्हणाली, ‘‘पोरी, तू व्हतीस की तवा. तू सांग त्येला. मी खोटं बोलले का?’’

‘‘श्वास घ्या आजी,’’ श्यामला म्हणाली. ‘‘खोल घ्या. आता सोडा.’’

एवढंच म्हणाली.

बुधवारी मात्र तिला राहवेना. बाईंच्या खोलीत गेली. टेबलावर मराठी बोर्डाचा नमुना पसरलेला, बाई ऱ्हस्व-दीर्घ तपासत होत्या.

‘‘मॅडम, तुळजाबाईंनी ऐकलं होतं. चूक माझ्या कागदात आहे. त्यात मांडी हा शब्दच नाही.’’

बाईंनी चष्मा काढला. ‘‘मूळ इंग्रजीत आहे?’’

‘‘नाही, पण…’’

‘‘मग भाषांतर मुळाबरहुकूम आहे. मांडीचं तोंडी सांगायचं असतं. सगळे सांगतात. तू सांगितलं नाहीस?’’

श्यामलानं टेबलावरच्या नमुन्याकडं बघितलं.

‘‘हे बघ. मंगळवारी कमिटी आहे. सहा वर्षं मी या मान्यतेसाठी उंबरे झिजवलेत. मान्यता गेली तर सत्तर मुलींच्या डिग्रीला कोण विचारणार? आणि तू आत्ता जाऊन सर्जनना सांगणार की आमचा छापील कागदच चुकीचा आहे? किती पेशंटना दिलाय माहितीये तो?’’

‘‘म्हणूनच मॅडम…’’

‘‘मंगळवार होऊ दे. बुधवारी मी स्वतः बोलते सरांशी. पाय काही पळून जात नाही.’’

बाई वाईट होत्या असं नाही. हॉस्पिटलात कितीतरी माणसं त्यांनी धरून धरून चालवली होती. पण पाय पळून जात नाही हे त्या म्हणाल्या, आणि श्यामलाला बरं वाटलं ते ऐकून. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. चला, बाईच म्हणतात बुधवारी. मोठ्या माणसानं थांब म्हटलं की थांबण्यात आपलं पाप नसतं असं तिला वाटलं. चांगल्या घरच्या मुलींना असंच शिकवतात.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी तुळजाबाईला ताप चढला. छातीत घरघर यायला लागली. उताणं पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कफ साठतो, पहिल्या वर्षाला शिकवतात. श्यामला पाठीवर थापट्या मारायची, खोकायला लावायची. म्हातारीचा जोर कमी होत चालला होता. आता ती पायाचं काही बोलत नव्हती.

मंगळवारी कमिटी आली. चार साहेब, गळ्यात हार. मराठी बोर्ड चकचकत होता. मोठे साहेब त्याच्यासमोर उभं राहून मोठ्यानं वाचत गेले. रुग्णाचा सन्मान. सत्यनिष्ठा. सहवेदना. ‘‘आधी कान, मग हात! वा वा! कुणी केलंय हे?’’

‘‘आमची विद्यार्थिनी,’’ बाईंनी श्यामलाला पुढं केलं. श्यामलाच्या हातात केसपेपर होते, राउंडला लागणार म्हणून धरलेले. तुळजाबाईचा सगळ्यात वर.

मग वॉर्ड. साहेबांना एखाद्या पेशंटशी बोलायचं होतं, अगदी साध्या, गावाकडच्या. पुढच्या कोपऱ्यात तुळजाबाई होती. साहेब वाकले. ‘‘काय आजी, इथं सगळं नीट समजावून सांगतात ना?’’

तुळजाबाईनं डोळे उघडले. पांढऱ्या कपड्यातली इतकी माणसं बघून तिनं आधी पदर सारखा केला. खोकली. मग परीक्षेला बसल्यासारखं म्हणाली, ‘‘सांगत्यात की. कागुद बी देत्यात. पायांमंदी उशी. ठेंगनं बसू नये. पायावर पाय टाकून बसू नये. म्या न्हाई टाकला सायेब. द्येवाशपत.’’

‘‘बघा सर,’’ बाई हसल्या, ‘‘पेशंटला पाठ आहे!’’

सगळे हसले. आपण बरोबर उत्तर दिलं असं वाटून तुळजाबाईही हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. तिनं मान वळवून बजरंगकडं बघितलं, बघ, सायबाला पटलं.

श्यामला कॉटजवळ सरकली.

‘‘पाठ आहे,’’ ती म्हणाली, ‘‘पण चुकीचं पाठ आहे.’’

‘‘श्यामला, सरांना जिम दाखव.’’

‘‘मांडी घालू नका असं यांना कुणी सांगितलंच नाही सर. कागदात नाही. मी तोंडी पण सांगितलं नाही. पायावर पाय म्हणजे यांना खुर्चीवर साहेबासारखं बसणं वाटलं. यांनी सगळं ऐकलं. आणि मी इथं लिहिलंय की ऐकलं नाही.’’ तिनं केसपेपर उघडून पुढं धरला. ‘‘हे माझं अक्षर आहे.’’

सरुबाई कॉटवर उठून बसली. बजरंग भिंतीला टेकला होता, तो सरळ झाला.

मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. ‘‘हं. प्रामाणिक मुलगी आहे. नोंद घ्या हो,’’ ते शेजारच्याला म्हणाले. ‘‘जेवणाला उशीर होतोय.’’

झालं. जेवणात श्रीखंड होतं. मान्यताही मिळाली नंतर. बाईंना उगाच भीती वाटत होती. कुणाला काय पडलंय!

श्यामलानं तिथंच, कॉटच्या कठड्यावर केसपेपर ठेवून, ती ओळ खोडली. खाली लिहिलं: ‘रुग्णाने दिलेल्या सर्व सूचना पाळल्या. मांडी घालू नये ही सूचना दिली गेली नाही. चूक माझी.’ सही केली. सर्जनच्या खोलीबाहेर दीड तास उभी राहिली.

सर्जननी दोन्ही ओळी वाचल्या. खोडलेली जास्त वेळ.

‘‘हे आधी का नाही लिहिलंस?’’

उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

‘‘तेव्हा छाती स्वच्छ होती बाईची. मी केलं असतं.’’ त्यांनी भूलवाल्या डॉक्टरांना बोलावलं. ते तुळजाबाईची छाती तपासून आले आणि दारातूनच मान हलवली. या छातीला भूल दिली तर टेबलावरच जाईल. आधी छाती सुधारू दे.

छाती थोडी सुधारली, पण अंगात काही राहिलं नाही. कंबरेला जखम झाली, ती चिघळली. तीन आठवड्यांनी सर्जन म्हणाले, आता नको, उगाच हाल. घरी न्या. ज्या टेम्पोतून आणली त्याच टेम्पोतून नेली.

मंदाकिनीबाईंनी कागद बदलला, हे खरं. नव्या कागदावर मांडी घातलेल्या बाईचं चित्र काढून त्याच्यावर लाल फुली मारली. श्यामलाची इंटर्नशिप तीन महिने वाढवली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘वर्तन’. दारातला बोर्ड तसाच.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी श्यामला कात्रजची बस धरून, पुढं घाट लागायच्या आधी उतरून, विचारत विचारत बजरंगच्या घरी गेली. दार उघडंच होतं. तुळजाबाई पलंगावर, भिंतीकडच्या बाजूला. ओळखायला वेळ लागला. कोपऱ्यात भोक पाडलेली लोखंडी खुर्ची उलटी करून ठेवलेली.

बजरंगनं तिला बघितलं. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. दुसरी खुर्ची नव्हती. श्यामला जमिनीवर बसली.

‘‘त्या दिवशी सायबांम्होरं बोललात,’’ बजरंग म्हणाला, ‘‘तवा मला कळलं. आठ दिस मी आयला लबाड म्हनत व्हतो. तोंडावर म्हनत व्हतो.’’

‘‘चूक माझी होती.’’

‘‘आसंल. पर जीभ माझी व्हती.’’

आत भांडं वाजलं. चहा टाकला जात असावा, किंवा नसावा.

तुळजाबाई इतका वेळ श्यामलाकडं बघत होती. तोंडाकडं नाही, खाली. श्यामलानं तिची नजर जाते तिकडं बघितलं. ती मांडी घालून बसली होती. कशी बसली तिचं तिला कळलंही नव्हतं.

‘‘आशीच बसले व्हते बघ,’’ तुळजाबाई म्हणाली. आवाज फार बारीक झाला होता. ‘‘आमी ह्येला मांडी म्हनतो. तुमी काय म्हनता?’’

‘‘मांडीच म्हणतो आजी.’’

‘‘मग येक शबुद तर दोगींचा व्हता.’’

श्यामलानं मान खाली घातली.

‘‘पोरी, येक इचारू? तुला कवा कळलं? मी खोटं बोलत न्हाई म्हनून?’’

खोटं बोलायला अजून जागा होती. मंगळवारी म्हणता आलं असतं. साहेबांसमोर तुम्ही बोललात तेव्हा. बजरंगसुद्धा वाट बघत होता तिनं तसं म्हणावं म्हणून.

‘‘पहिल्या दिवशीच,’’ श्यामला म्हणाली. ‘‘टेम्पोत.’’

बजरंग उठून बाहेर गेला. तुळजाबाईनं भिंतीकडं तोंड केलं. तोंडच तेवढं फिरत होतं तिचं आता.

श्यामलाला उठायचं होतं. पायाला मुंग्या आल्या होत्या, मांडी सुटेना. जमिनीला दोन्ही हात लावून ती तशीच बसून राहिली. आतून चहा आलाच नाही.